विश्लेषण : एडिसन यांची बॅटरी यशस्वी ठरली, मग इलेक्ट्रिक मोटार का हरली?

इलेक्ट्रिक मोटार घ्यायची म्हटले की आज चार प्रश्न हमखास विचारले जातात. एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाईल, चार्जिंग कुठे करायचे, बॅटरी किती वर्षे टिकेल आणि किंमत परवडेल का? अमेरिकेतील ग्राहक सव्वाशे वर्षांपूर्वी हेच प्रश्न विचारत होते. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी थॉमस अल्वा एडिसन यांनी आयुष्यातील दहा वर्षे आणि स्वतःचा मोठा पैसा खर्ची घातला. बॅटरी अखेर जमली, पण रस्ते पेट्रोलच्या मोटारींनी व्यापले. खनिज तेलावरील अवलंबित्व कमी करायला पर्यायी ऊर्जेवरील मोटारी कितपत उपयोगी आहेत, हे तपासताना एडिसन यांच्या चरित्रातील हे फारसे परिचित नसलेले प्रकरण पाहायला हवे.

एडिसन यांची आणि बॅटरीची ओळख कशी झाली?

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायो राज्यातील मिलान या गावी झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. कुटुंब पुढे मिशिगनमधील पोर्ट ह्युरॉन येथे गेले. शाळेत ते जेमतेम काही महिने टिकले आणि आईनेच त्यांना घरी शिकवले. वयाच्या बाराव्या वर्षापासून ते रेल्वेगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागले. लहानपणापासूनच त्यांना कमी ऐकू येत असे. किशोरवयात ते तारयंत्र चालवायला शिकले आणि पुढची काही वर्षे गावोगावच्या तार कार्यालयांत त्यांनी नोकरी केली.

त्या काळी घराघरांत वीज नव्हती. तारयंत्रे बॅटरीवर चालत. काचेच्या भांड्यांत धातूच्या पट्ट्या आणि रासायनिक द्रावण असे तिचे स्वरूप असे. लुईव्हिल येथील कार्यालयात रात्रपाळीत लेड-ॲसिड बॅटरीवर प्रयोग करताना एडिसन यांच्या हातून ॲसिड सांडले, ते जमिनीच्या फटींतून खालच्या मजल्यावरील साहेबाच्या टेबलावर ठिबकले आणि नोकरी गेली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये दीर्घकाळ जळणारा विजेचा दिवा आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र. १८९२ मध्ये त्यांची कंपनी विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक स्थापन झाली आणि वीज व्यवसायावरील त्यांचे नियंत्रण सुटले. त्यानंतर न्यूजर्सीत हलक्या प्रतीच्या खनिजातून चुंबकाने लोह वेगळे करण्याच्या उद्योगात त्यांनी मोठी रक्कम गमावली. १८९९ मध्ये ते बॅटरीकडे वळले तेव्हा त्यांचे वय ५२ होते.

तेव्हा रस्त्यावर कोणत्या मोटारी होत्या?

पेट्रोल जिंकणार, हे १९०० मध्ये कोणीही ठामपणे सांगू शकले नसते. त्या वर्षी अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि केवळ ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटारही इलेक्ट्रिकच होती. बेल्जियमच्या कामिय जेनाट्झी यांनी १८९९ मध्ये फ्रान्समध्ये तो विक्रम केला होता.

वाफेच्या मोटारीत पाणी तापेपर्यंत थांबावे लागे. पेट्रोलची मोटार आवाज करी, धूर सोडी आणि समोर हँडल फिरवून सुरू करावी लागे. ते हँडल उलटे फिरले तर हात मोडण्याची भीती असे. इलेक्ट्रिक मोटार कळ फिरवताच शांतपणे निघे. तिची अडचण एकच, पण मोठी होती. ती म्हणजे बॅटरी.

एडिसन यांना ही अडचण माहीत होती. १८९६ मध्ये न्यूयॉर्कजवळ एका मेजवानीत त्यांची हेन्री फोर्ड यांच्याशी भेट झाली. फोर्ड तेव्हा डेट्रॉइट येथील एडिसन इल्युमिनेटिंग कंपनीत मुख्य अभियंता होते आणि फावल्या वेळात पेट्रोलची गाडी बनवत होते. विजेच्या गाडीला वीजकेंद्राच्या आसपासच राहावे लागते, पेट्रोलची गाडी मात्र आपले इंधन सोबत नेते, असे सांगून एडिसन यांनी आपल्याला प्रोत्साहन दिले, अशी आठवण फोर्ड यांनी पुढे नोंदवली. तीनच वर्षांनी एडिसन स्वतः नेमकी हीच मर्यादा ओलांडण्याच्या कामाला लागले.

लेड-ॲसिड बॅटरी का नको होती?

लेड-ॲसिड बॅटरीत शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. शिसे जड असल्याने गाडीची बरीच ताकद बॅटरी वाहण्यातच जाते. खडबडीत रस्त्यावर पट्ट्यांवरील लेप झडतो, ॲसिड आजूबाजूचे भाग खाते आणि बॅटरी पूर्ण उतरवून तशीच ठेवली तर लवकर निकामी होते.

एडिसन यांना आम्लाऐवजी अल्कलीवर चालणारी, हलकी आणि वर्षानुवर्षे टिकणारी बॅटरी हवी होती. हजारो प्रयोगांनंतर एका बाजूला निकेलचे संयुग, दुसऱ्या बाजूला लोह आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ही जुळणी त्यांनी निश्चित केली. स्वीडनचे वाल्देमार युंग्नर हेही त्याच सुमारास अशाच रचनेवर काम करत होते आणि दोघांमध्ये पेटंटवरून वादही झाला. १९०१ मध्ये एडिसन स्टोरेज बॅटरी कंपनी स्थापन झाली.

पहिली बॅटरी मागे का घ्यावी लागली?

१९०३ मध्ये एडिसन यांची ‘ई’ प्रकारची बॅटरी बाजारात आली. त्याआधीच मोटारींचे भवितव्य बदलणारी बॅटरी अशी तिची मोठी प्रसिद्धी झाली होती. प्रत्यक्षात तक्रारी येऊ लागल्या. पत्र्याच्या डब्यांचे सांधे गळत होते आणि चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या वाढत तशी बॅटरीची क्षमता घटत होती.

दोष निकेलच्या बाजूला होता. निकेलचे संयुग विजेचे चांगले वाहक नाही, म्हणून त्यात ग्रॅफाइट मिसळलेले होते. चार्जिंगच्या वेळी हे ग्रॅफाइट हळूहळू नष्ट होई. मग रसायन तिथेच असूनही त्याच्यापर्यंत वीज पोहोचत नसे. गळके डबे सुधारणे तुलनेने सोपे होते, पण हा दोष काढायचा तर रचनाच नव्याने करावी लागणार होती.

एडिसन यांनी उत्पादन थांबवले आणि सदोष बॅटऱ्या परत घेतल्या. काही ग्राहकांना ती बॅटरी होती तशीही चालत होती, तरी त्यांनी विक्री सुरू ठेवली नाही. हा निर्णय महागात पडला. पुन्हा बाजारात यायला त्यांना १९०९ उजाडले.

नव्या बॅटरीत काय बदलले?

१९०९ च्या ‘ए’ प्रकारात निकेलचे संयुग छिद्रे असलेल्या पोलादी नळ्यांत ठासून भरलेले होते. ग्रॅफाइटच्या जागी निकेलच्या अतिपातळ चकत्या आल्या. त्या बनवण्याची पद्धत कल्पक होती. तांबे आणि निकेल यांचे एकावर एक पातळ थर विद्युतविलेपनाने चढवायचे, त्याचे तुकडे करायचे आणि मग तांबे विरघळवून टाकायचे. हाती उरे ते फक्त निकेल. नळीत संयुग आणि या चकत्या यांचे शेकडो थर आळीपाळीने भरले जात. द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड मिसळले की क्षमता वाढते आणि अधिक काळ टिकते, हेही एडिसन यांच्या लक्षात आले. आजच्या लिथियम-आयन बॅटरीचे रसायन पूर्णपणे वेगळे आहे, पण लिथियम मोटारीच्या बॅटरीत तेव्हाच आले होते.

बॅटऱ्यांना धक्के देणाऱ्या यंत्रांवर ठेवून आणि वरच्या मजल्यावरून खाली टाकून त्यांची चाचणी घेतली गेली. नवी बॅटरी खरोखर दणकट होती. ती जास्त चार्ज झाली, पूर्ण उतरली किंवा महिनोन् महिने पडून राहिली तरी बिघडत नसे. डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीच्या एका मोटारीने चाचणीत एका चार्जवर २११ मैल, म्हणजे सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापले. रोजच्या वापरात हा आकडा बराच कमी, ८० मैलांच्या आसपास असे आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या घरात. शहरातल्या शहरात फिरण्यासाठी तेवढे पुरेसे होते.

तरीही पेट्रोल पुढे कसे गेले?

एडिसन बॅटरी सुधारत होते त्या दहा वर्षांत बाकीचे जग थांबलेले नव्हते. या काळात चार गोष्टी घडल्या.

पहिली तेलाची. जानेवारी १९०१ मध्ये टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड साठा लागला आणि तेल स्वस्त झाले. तोवर तेल कंपन्यांचा मुख्य माल होता दिव्यांसाठीचे केरोसिन. पेट्रोल हे त्यातून निघणारे दुय्यम उत्पादन होते. विजेचे दिवे पसरू लागले तशी केरोसिनच्या बाजारपेठेवर गदा येऊ लागली आणि मोटारींच्या रूपाने तेल कंपन्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले.

दुसरी पुरवठ्याची. केरोसिन विकणारी दुकाने खेड्यापाड्यांत आधीपासून होती. तिथेच डब्यातून पेट्रोल मिळू लागले. वीज मात्र शहरांपुरती होती. १९३० च्या दशकाच्या मध्यावरही अमेरिकेच्या ग्रामीण भागातील दहापैकी नऊ घरांत वीज नव्हती. शिवाय अनेक ठिकाणी एसी वीज पोहोचली होती, तर बॅटरी चार्ज करायला डीसी लागते. त्यासाठी वेगळे उपकरण घ्यावे लागे.

तिसरी किमतीची. फोर्ड यांची मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला आली. १९१३ मध्ये सरकत्या जुळणी पट्ट्यावर उत्पादन सुरू झाल्यावर ती वर्षागणिक स्वस्त होत गेली. १९१६ पर्यंत तिची किंमत ४०० डॉलरच्या खाली उतरली. याउलट डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या मोटारीत लेड-ॲसिडऐवजी एडिसन बॅटरी हवी असेल तर ६०० डॉलर जादा मोजावे लागत. चांगल्या बॅटरीसाठी मोजायच्या जादा पैशांत अख्खी पेट्रोल मोटार येऊ लागली होती.

चौथी गोष्ट सेल्फ-स्टार्टरची. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या मोटारींत बसवला गेला आणि हँडल फिरवण्याची कटकट संपली. पेट्रोल मोटारीची ही सर्वांत मोठी गैरसोय बॅटरी आणि विजेच्या मोटरनेच दूर केली. त्यासाठी एडिसन यांची बॅटरी मात्र उपयोगाची नव्हती. इंजिन सुरू करायला क्षणभर खूप मोठा करंट लागतो. अंतर्गत रोध जास्त असल्याने निकेल-लोह बॅटरी तो देऊ शकत नसे आणि थंडीत ती आणखी मंदावत असे. ज्या लेड-ॲसिड बॅटरीला हटवायचे होते, तीच पेट्रोल मोटारीत कायमची बसली.

फोर्ड-एडिसन मोटारीचे काय झाले?

१९१४ च्या जानेवारीत फोर्ड आणि एडिसन मिळून स्वस्त इलेक्ट्रिक मोटार आणणार असल्याची बातमी अमेरिकी वृत्तपत्रांत झळकली. पेट्रोल मोटारींचा सर्वांत मोठा कारखानदार आणि देशातील सर्वांत प्रसिद्ध संशोधक एकत्र आल्याने अपेक्षा वाढल्या. फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. एडिसन यांच्याकडेही तशीच मोटार होती.

प्रायोगिक गाड्या तयार झाल्या. पण एडिसन यांच्या बॅटरीवर मोटारीला हवी तेवढी ताकद आणि अंतर, तेही सामान्यांना परवडेल अशा किमतीत मिळेना. फोर्ड यांचा एडिसन बॅटरीचाच आग्रह होता. अभियंत्यांनी चाचणीत लेड-ॲसिड बॅटरी वापरल्याचे कळल्यावर ते संतापले, असे सांगितले जाते. डिसेंबर १९१४ मध्ये वेस्ट ऑरेंज येथील एडिसन यांच्या कारखान्याला भीषण आग लागून अनेक इमारती जळाल्या. ६७ वर्षांच्या एडिसन यांनी लगेच पुनर्बांधणी सुरू केली. इलेक्ट्रिक मोटार मात्र बाजारात आलीच नाही. फोर्ड यांनी सर्व लक्ष मॉडेल टीवर केंद्रित केले आणि १९२७ पर्यंत तशा दीड कोटींहून अधिक मोटारी विकल्या गेल्या.

मग एडिसन यांची बॅटरी वाया गेली का?

नाही. खाणकामगारांच्या टोपीवरील दिवे, रेल्वेचे सिग्नल आणि डब्यांतील दिवे, मालवाहू ट्रॉली अशा अनेक ठिकाणी ती दशकानुदशके वापरली गेली. एडिसन यांच्या उत्तरायुष्यातील तो सर्वांत फायदेशीर व्यवसायांपैकी एक ठरला. अमेरिकेत या बॅटरीचे उत्पादन १९७० च्या दशकापर्यंत सुरू होते. तिच्या मर्यादाही दिसल्या. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या गोदीत ई-२ या पाणबुडीत स्फोट होऊन नौसैनिकांचा मृत्यू झाला. त्या पाणबुडीत एडिसन बॅटऱ्या बसवलेल्या होत्या.

रस्त्यावर ही बॅटरी टिकली ती मोठ्या दुकानांचा माल पोहोचवणाऱ्या गाड्यांमध्ये. ठरलेला मार्ग, दिवसाचे ठरावीक अंतर आणि रात्री एकाच आवारात चार्जिंग असे त्यांचे काम असे. वीज कंपन्यांनाही हे सोयीचे होते, कारण रात्री विजेची मागणी कमी असते. जिथे वाहनाचे काम आणि बॅटरीची मर्यादा यांचा मेळ बसला, तिथे इलेक्ट्रिक गाडी तेव्हाही व्यवहार्य होती.

अखेरच्या वर्षांत एडिसन कशावर काम करत होते?

परावलंबित्वावरच, पण ते तेलाचे नव्हते. मोटारी वाढल्या तसे टायरसाठी रबर मोठ्या प्रमाणात लागू लागले. ते येई आशियातील ब्रिटिश आणि डच वसाहतींच्या मळ्यांतून. युद्धात हा पुरवठा तुटला तर काय, या चिंतेतून १९२७ मध्ये एडिसन यांनी फोर्ड आणि टायर उत्पादक हार्वे फायरस्टोन यांच्यासोबत संशोधन संस्था काढली. फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे हजारो वनस्पती तपासून त्यांनी गोल्डनरॉड या झुडपाची निवड केली. त्यापासून रबर निघाले, पण ते मळ्यातील रबराशी स्पर्धा करू शकले नाही. हे काम सुरू असतानाच १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी वेस्ट ऑरेंज येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंट आहेत.

आज भारतासाठी यातून काय दिसते?

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. त्यामुळे पर्यायी ऊर्जेवरील मोटारींचा प्रश्न इथे परकीय चलनाचा आणि सुरक्षेचाही आहे. १९१४ च्या तुलनेत परिस्थिती बरीच बदलली आहे. एडिसन यांची बॅटरी किलोमागे साधारण २५ ते ३० वॉट-तास ऊर्जा साठवत असे. आजचे लिथियम-आयन सेल १५० ते २५० वॉट-तास साठवतात. वीजही गावागावांत पोहोचली आहे. पण इमारतीच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवता येतो का, लांबच्या प्रवासात चार्जर चालू मिळेल का आणि गाडीची मूळ किंमत किती, हे प्रश्न एडिसन यांच्या काळाइतकेच निर्णायक आहेत.

शहरांतील बस, तीनचाकी आणि माल पोहोचवणाऱ्या गाड्या यांचे गणित एडिसन यांच्या काळातील दुकानांच्या गाड्यांसारखेच आहे. मार्ग ठरलेला आणि चार्जिंग आगारात. मुंबईत बेस्ट, पुण्यात पीएमपी आणि एसटीची शिवाई या इलेक्ट्रिक बससेवा याच तत्त्वावर चालतात. मोटारींपुरता विचार केला तर तेलाची बचत मर्यादित राहते. देशात पेट्रोलच्या दुपटीहून अधिक डिझेल वापरले जाते आणि त्याचा मोठा वाटा मालमोटारींचा आहे. विमानांचे इंधन आणि प्लास्टिक, रसायने यांसाठी लागणारे तेल तर वेगळेच.

परावलंबित्वाची जागा बदलण्याचाही धोका आहे. बॅटरीचे सेल आणि त्यासाठी लागणारी लिथियम, निकेल, कोबाल्ट ही खनिजे भारताला मुख्यतः आयातच करावी लागतात आणि सेलच्या उत्पादनात चीनचा वरचष्मा आहे. फरक इतकाच की तेल रोज जाळावे लागते, तर बॅटरी एकदा घेतली की अनेक वर्षे चालते आणि तिच्यातील धातू पुन्हा वापरता येतात. देशातील बहुतांश वीज अजूनही कोळशावर तयार होते. त्यामुळे इलेक्ट्रिक मोटारीने तेलाची आयात घटते, पण प्रदूषण त्याच प्रमाणात घटेलच असे नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत.

एडिसन यांना चांगली बॅटरी बनवायला दहा वर्षे लागली. तेवढ्या काळात पेट्रोलभोवती कारखाने, दुकाने आणि स्वस्त मोटारी यांची पूर्ण साखळी उभी राहिली होती. आज बॅटरीची किंमत आणि रेंज यांच्या बातम्या रोज येतात. मात्र तेलाची आयात खरोखर घटेल की नाही, हे चार्जर, वीज, सेलचे देशांतर्गत उत्पादन आणि जुन्या बॅटऱ्यांचा पुनर्वापर ही साखळी किती वेगाने उभी राहते यावर ठरणार आहे.